किंचित निळसर झाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, देवाला तर मुळीच नाही — देवापुढे उभी राहिले की 'सगळ्यांना सुखी ठेव' एवढं पुटपुटते आणि लगबगीने बाहेर पडते, न जाणो त्याने उलट काही विचारलं तर? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि येत्या रविवारच्या आत हे एकदा तरी कागदावर उतरायला हवं. रविवारचं पुढे येईलच.

सुरुवात गमतीने करते. माझ्या नावाचा एक जंत आहे. हसा, हसा — माझी मुलगी अजून हसते. समुद्रातल्या माशाच्या आतड्यात राहणारा, बोटाच्या पेराएवढा, पांढऱ्या दोऱ्यासारखा. डोक्यावर आकड्यांच्या चार जोड्या, त्यांनी तो आतड्याला घट्ट धरून बसतो. पट्टकृमी म्हणतात या मंडळींना. अशा प्रत्येक जातीला दोन नावं असतात, पहिलं कुळाचं आणि दुसरं तिचं स्वतःचं. या जंताचं दुसरं नाव माझ्यावरून ठेवलंय. मी नलिनी, म्हणून तो 'नलिनीए'. ठेवलं माझ्या मैत्रिणीने, वृंदाने. लोक मैत्रिणीला साडी देतात, फार तर कानातलं देतात. वृंदाने मला जंत दिला, आणि खरं सांगते, त्याहून मोठं मला आयुष्यात कुणी काही दिलेलं नाही.

म्हणूनच तर सांगणं जड जातंय.

आम्ही दोघी ठाण्याच्या एका कॉलेजात एम. एस्सी. झालो. प्राणिशास्त्र. नंतर वृंदाने तिथेच पीएच.डी.ला नाव घातलं आणि मी हंगामी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून चिकटले — लग्न ठरेपर्यंत पोरीने घरी बसू नये, एवढाच माझ्या घरच्यांचा हिशेब. वृंदा कल्याणची, मी डोंबिवलीची. ती उंच, दणकट, मोठ्याने बोलणारी. घरी कांदा-लसूणसुद्धा जपून चालायचा, आणि विषय काय निवडला तर माशांच्या आतड्यातले जंत! तिची आई तिला आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय लावू देत नसे. "एवढी देवाने फुलपाखरं केली, ती नाही दिसली हिला," असं त्या माझ्यापाशी तक्रार करायच्या, जणू मीच तिला भरीला घातलं होतं.

आठवड्यातून दोनदा आम्ही सकाळी कल्याणच्या मासळी बाजारात जायचो. तिथे हिरामावशी बसायची, आगरी बाई, कपाळावर हे एवढं कुंकू. ती आमच्यासाठी आतडी बाजूला काढून ठेवी — पाकटाची वेगळी, वागळीची वेगळी, मुशीची वेगळी. मुशी म्हणजे लहान शार्क. पाकट म्हणजे तो चपटा, शेपटीत काटा असलेला मासा. आणि वागळी ही पाकटाची चुलत बहीण म्हणा, पंखांसारखे कल्ले असलेली. पहिल्या दिवशी हिरामावशीला काही केल्या पटेना. "मासा माना न आतरी तुमाना? कसली गो शाळा ही तुमची!" असं म्हणून ती शेजारणीला कोपराने ढोसून हसली होती. पुढे मात्र तिने एकदाही पिशव्यांची सरमिसळ केली नाही. हे मुद्दाम सांगतेय. तिची चूक कधीच नव्हती.

मग एसटीने ठाणे. आमच्या शेजारची जागा कायम रिकामी, कारण उघड आहे. प्रयोगशाळेत वृंदा आतडं लांबीत चिरायची. या माशांच्या आतड्याच्या आत गोल जिन्यासारख्या घड्या असतात, आणि पायरीपायरीला जंत चिकटलेले. ते अलगद सोडवायचे, थंड पाण्यात ठेवायचे म्हणजे बिचारे आखडून मरत नाहीत, सैल होऊन मरतात, आणि मग स्पिरिटच्या बाटलीत. हे सगळं वृंदा करायची. माझं काम एकच होतं. चिठ्ठी.

ती चिठ्ठी काय असते ते नीट सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. बाटलीला बाहेरून चिकटवलेलं लेबल भरवशाचं नसतं. ते सुटतं, झुरळं त्याची खळ खातात. म्हणून खरी चिठ्ठी बाटलीच्या आत, जंतांच्या सोबत स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायची. तिच्यावर मासा कोणता, कुठून आणला आणि तारीख. कारण जंत कुठल्या माशात सापडला हे कळलं नाही, तर त्याला नाव देऊन उपयोग काय? पत्त्याशिवायचं पत्र ते. आणि ही चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची. शाई स्पिरिटमध्ये विरघळून जाते. पेन्सिल माणसापेक्षा जास्त टिकते. वृंदाचे आणखी दोन नियम होते: चिठ्ठी तिथल्या तिथे लिहायची, आणि जुनी चिठ्ठी कधीही फेकायची नाही, दुरुस्ती असली तर नवी तिच्या शेजारी घालायची. तिचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. माझं अक्षर मोत्यासारखं, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

त्या वर्षी माझा साखरपुडा झाला. होणाऱ्या नवऱ्याने शाईचं पेन दिलं — हिरवट रंगाचं, सोनेरी टोपणाचं. काय सांगू तुम्हाला, मी वाण्याची यादीसुद्धा त्या पेनाने लिहीत होते. एका शनिवारी आम्ही एक पाकट, एक वागळी आणि तीन मुशी यांची आतडी चिरली. पाच बाटल्या झाल्या. वृंदाला मधेच तार आली होती, वडील आजारी, गावी बोलावलंय. ती हात धुऊन तशीच निघाली. जाताना दारातून म्हणाली, "चिठ्ठ्या घाल गं." पेन्सिलीचं टोक मोडलेलं होतं. शार्पनर कपाटात होता, आठ पावलांवर. पेन खिशात होतं.

मला नियम माहीत नव्हता असं नाही. एवढ्याशा शाईने काय होतंय, असं वाटलं. बास. एवढंच.

चार दिवसांनी पाहिलं तर पाचही चिठ्ठ्या कोऱ्या. स्पिरिट निळसर झालेलं, आणि त्यातले जंतही. वही उघडली, वहीत त्या दिवशी कोणकोणते मासे चिरले ते होतं, पाकटात आणि वागळीत दोन्हींत जंत सापडले हेही होतं. पण कोणत्या बाटलीत कुठले, ते फक्त चिठ्ठीवर. म्हणजे माझ्यावर. मुशीचे जंत मी डोक्याच्या आकारावरून ओळखले, त्या तीन बाटल्या सुटल्या. उरल्या दोन. एकीत नेहमीचेच जंत, दोन्ही माशांत सापडणारे. दुसरीत तीन जंत, मी कधी न पाहिलेले. एक बाटली पाकटाची, एक वागळीची. कुठली कुठली?

मी खूप आठवलं. देवाशप्पथ, खूप आठवलं. वृंदाचा हात कुठल्या ताटलीवर होता, मी कुठली बाटली आधी पुढे केली — काही आठवेना. मला काय आठवत होतं सांगू? नव्या पेनाने 'प' किती सुबक उमटला होता ते.

शेवटी पेन्सिलीला टोक केलं आणि त्या तीन अनोळखी जंतांच्या चिठ्ठीवर लिहिलं — पाकट. स्पिरिट बदललं. कोऱ्या चिठ्ठ्या बारीक फाडून पर्समध्ये घातल्या आणि डोंबिवलीला उतरल्यावर टाकल्या.

तेव्हाच सांगितलं असतं तर? वृंदा चिडली असती, चार दिवस बोलली नसती. पाचव्या दिवशी डबा उघडून थालीपीठ माझ्यापुढे सरकवलं असतं, आणि त्या दोन बाटल्यांवर 'मासा माहीत नाही' असं लिहून मोकळी झाली असती. एवढीच किंमत होती. मला तेवढीसुद्धा द्यायची नव्हती. मोत्यासारख्या अक्षराची मुलगी होते ना मी.

ती परत आली, वडील बरे झाले होते. आठवड्याभरात तिने ते तीन जंत पाहिले. एक रंगवून काचेवर बसवला, दोन बाटलीत राहिले. ती सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढीना. मग वर केलं तेव्हा डोळे भरलेले होते. "नले, हा कुणीच पाहिलेला नाहीये गं. जगात कुणीच नाही." मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, "नीट बघ हं, घाई नको." बघा, केवढी शहाणी.

नंतर ती वर्षभर त्यावर बसली. जगातल्या सगळ्या जवळच्या जातींशी ताडून पाहिलं. आणि निबंध छापून आला तेव्हा पेढे घेऊन डोंबिवलीला माझ्या सासरी आली. पान उघडून बोट ठेवलं — नलिनीए. खाली तिने लिहिलं होतं की प्रत्येक चिठ्ठी काळजीपूर्वक लिहिणाऱ्या मैत्रिणीच्या नावावरून. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, जंताला नाव दिलं? भांडण झालंय का तुमचं?" सगळे खदखदून हसले. मीही. मग मी ते वर्णन वाचलं. लांबी, रुंदी, आकड्यांची मापं — आणि शेवटून दुसरी ओळ: 'स्पिरिटमध्ये ठेवलेल्या नमुन्यांना किंचित निळसर झाक.'

तिच्या नजरेतून काहीच सुटत नसे. माझ्या पेनातली शाई तिने त्या जातीचा गुण म्हणून लिहून ठेवली होती.

पेढा माझ्या हातातच होता. तो मी खाल्ला.

आता तुम्ही म्हणाल, चूक झाली, तरुण होतीस, घाबरलीस. थांबा. चूक मी केव्हाच सांगून टाकली, ती सोपी होती. गुन्हा पुढे आहे.

वृंदाला कल्याणला नोकरी लागली, मी डोंबिवलीत शाळेत शिकवू लागले. तिने लग्न केलं नाही. ठाकुर्लीला दोन खोल्या घेतल्या, एकीत ती आणि एकीत बाटल्या. नव्या जातीचं एक असतं: ती पुन्हा सापडावी लागते. एकदा सापडली म्हणजे योगायोग, पुन्हा सापडली म्हणजे आहे. म्हणून वृंदा पाकटं चिरत राहिली. सुटीच्या दिवशी, परीक्षा संपल्या की, मे महिन्याच्या घामात. हिरामावशी गेली, तिची सून बसू लागली, तीही आतडी ठेवू लागली. कितीदा तरी मी वृंदाबरोबर पिशवी धरायला गेलेय. ती चिरायची, शोधायची, आणि वहीत लिहायची — नाही. पुढच्या खेपेला — नाही. त्या वह्यांमधून पानंच्या पानं तो एकच शब्द आहे.

एका दिवाळीच्या सुटीत ती चहा गाळता गाळता म्हणाली, "नले, मला वाटतं मी वागळ्याही चिरून बघाव्यात. माशांचं काय सांगावं?"

ऐकलंत ना? तिच्याच मनात आलं होतं. मला काही कबूल करायचीही गरज नव्हती. फक्त 'बघ की' म्हणायचं होतं. दोन शब्द. वागळीत सापडला असता तर तिनेच काहीतरी कारण शोधलं असतं, दोन्ही माशांत राहत असेल म्हणाली असती. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, सापडला की ती ती बाटली काढील, चिठ्ठी काढील, निळा रंग बघील, आणि मग माझ्याकडे बघील.

मी म्हटलं, "कशाला गं? आधीच पाठ दुखते तुझी. सापडला पाकटात तर पाकटातच सापडेल ना?"

ती हसली. म्हणाली, "हो गं, खरंय. तू आहेस म्हणून मी भरकटत नाही."

हा माझा गुन्हा. शाई नव्हे. ती बरोबर वाटेवर पाऊल टाकत होती आणि मी तिचा हात धरून, प्रेमाने, पाठ दुखते म्हणून, तिला मागे फिरवलं. त्यानंतर ती कितीतरी वर्षं पाकटं चिरत राहिली. तिच्या पाठीचं मला खरंच वाईट वाटायचं, हे सांगितलं तर विश्वास ठेवाल का?

पुढे परदेशातल्या कुणा जाणकाराने सगळ्या जातींचा आढावा घेणारं मोठं पुस्तक काढलं. त्यात वृंदाच्या जातीपुढे लिहिलं होतं: संशयास्पद, पुन्हा आढळली नाही, मासा तपासावा. तिने मला फोनवर वाचून दाखवलं. रडली नाही. म्हणाली, "बाकी काहीही म्हणू देत. पण मासा चुकला म्हणतात? चिठ्ठी नलिनीने लिहिलीय म्हणावं." मी रिसीव्हर कानाला धरून उभी होते, आणि कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि मी त्या मोजत राहिले.

आता आम्ही दोघी निवृत्त. वृंदाच्या डोळ्यांच्या मधोमध आता डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. सूक्ष्मदर्शकावर तिने टॉवेल टाकून ठेवलाय. दरवर्षी एकदा बाटल्यांमधलं उडून गेलेलं स्पिरिट भरावं लागतं, ते आम्ही मिळून करतो. ती बूच काढते, बोटांनी चाचपून चिमट्याने चिठ्ठी बाहेर घेते, माझ्या तळहातावर ठेवते. मी वाचते. ती मान डोलावते, आणि प्रत्येक बाटलीची काहीतरी आठवण सांगते. माझ्या वर्षातला तो सगळ्यात गोड दिवस असतो, आणि त्यातल्या एका बाटलीची चिठ्ठी मी सगळ्यांत घाईने वाचते.

गेल्या महिन्यात रत्नागिरीच्या एका मुलीची ई-मेल आली. संशोधन करते. तिला वागळीच्या आतड्यात एक जंत सापडलाय, एकदा नव्हे, बऱ्याचदा. फोटो पाठवले होते. मीच ते वृंदाला बघून बघून सांगितले — आकडे असे, मान अशी, मापं ही. वृंदा खुर्चीत पुढे पुढे सरकत होती. "अगं, तोच आहे! नले, तोच की!" मग मुलीचा प्रश्न आला: मॅडम, सगळं जुळतं, पण तुमचा पाकटातला आणि निळसर, माझे वागळीतले आणि पांढरे. तुमच्या चिठ्ठीत काही गडबड झाली असेल का? नसेल, तर मी हा नवी जात म्हणून नोंदवते.

वृंदा हळूच मागे टेकली. एवढी वर्षं जे शोधलं ते मांडीवर येऊन बसलं होतं, आणि ती त्याला दूर लोटत होती. माझ्या शब्दाखातर. "नाही गं," ती म्हणाली, "तिचा वेगळा असणार. लिही तिला — चिठ्ठीबद्दल शंका नाही. पण थांब, पाठवू नकोस. रविवारी स्पिरिट भरायचंच आहे, तेव्हा ती चिठ्ठी एकदा वाचून दाखव. शास्त्र आहे, डोळ्यांनी बघूनच पाठवायचं." मग स्वतःच हसली, "तुझ्या डोळ्यांनी."

ते उत्तर मी टाइप केलंय. कॉम्प्युटरमध्ये तसंच पडून आहे. ते गेलं, तर ती मुलगी नवं नाव देईल, आणि वृंदाची जात कायमची संशयास्पद राहील. खरं सांगितलं, तर नियम असा की आधीचं नाव टिकतं — वृंदाने दिलेलं. तिचा जंत तिला मिळेल. आणि मी कोण होते तेही.

काल मी एक चिठ्ठी लिहिली. शार्पनर शोधला, टोक केलं, आणि पेन्सिलीने लिहिलं: 'मासा नक्की माहीत नाही. पाकट किंवा वागळी. पहिली चिठ्ठी शाईने लिहिली होती, ती विरघळली. निळा रंग शाईचा आहे. पाकट हे मी अंदाजाने लिहिलं. वागळ्या चिरू नकोस असं मी म्हटलं तेव्हा मला हे माहीत होतं. नलिनी.' अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही. आज दुपारी तिच्याकडे गेले होते, ती झोपली होती, तेव्हा ती चिठ्ठी मी बाटलीत घातली. जुनी काढली नाही. तिच्या शेजारीच घातली, वृंदाच्या नियमाप्रमाणे.

रविवारी दहा वाजता ती बूच काढेल. चिमट्याला दोन चिठ्ठ्या लागतील, ती क्षणभर थांबेल. मग दोन्ही माझ्या तळहातावर ठेवेल आणि म्हणेल, "वाच गं."

मी दोन्ही वाचेन.